गुडघे तिचे, औषध माझ्या पोटात

दोन हजार तेवीस साल. मला चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. पक्कं म्हणता येत नाही, कारण शाळेत मास्तरांनी जन्मसाल अंदाजानं लिहिलं आणि दुसरीतूनच मी मेंढरांमागं गेलो.

त्या हिवाळ्यात बायकोचे गुडघे फार धरले. दिवसा ती कामाच्या नादात ठणका विसरायची, पण पाठ टेकली की सुरू. पहाटेपर्यंत नुसती कूस बदलायची. झोप नाही म्हणून आधी चिडकी झाली. मग चिडायचीही थांबली, आणि ते मला जास्त लागलं. पन्नास वर्षं जी बाई दोन शब्द सुनावल्याशिवाय भाकर वाढत नव्हती, ती गुमान वाढायला लागली.

वसमतला दिलेली आमची लेक तिला तिथल्या वैद्याकडं घेऊन गेली. मी गेलो नाही. मला वैद्य-डॉक्टरांची गरज नाही, असं मी गावभर सांगत आलेलो. रक्तदाबाची गोळी रोज घेतो, ती गोष्ट वेगळी. मायलेकी माघारी आल्या त्या काळ्या काचेची एक बारकी बाटली घेऊन. झाकणालाच थेंब टाकायची नळी. मला अक्षरं लावून लावून वाचता येतं. 'विजया' एवढं लावलं, आणि खाली पान छापलेलं दिसलं. ते पान ओळखायला शाळा लागत नाही.

"हा गांजा हाय," मी म्हणालो.

लेक समजावत राहिली. झाड त्याच कुळातलं, पण नशा चढवणारा अंश यात जवळजवळ नाही, दुसरा गुण तेवढा तेलात उतरवलाय, आणि वैद्याच्या चिठ्ठीशिवाय हे मिळतही नाही. मी कानावर घेतलं नाही. माझा थोरला भाऊ चिलमीनं गेला. लवकर मेला असं नाही, पण एका जागी बसला तो बसलाच. कळप गेला, शेत पडीक पडलं, पोटची लेकरं समोर आली तरी त्याला ओळखायला वेळ लागायचा. त्याच्या डोळ्यांतलं ते रिकामपण मला या बाईच्या डोळ्यांत बघायचं नव्हतं. बाटली मी मेंढरांच्या औषधाच्या डब्यात टाकली आणि डबा माळ्यावर ठेवला.

लेक सासरी गेली. पाचव्या दिवशी सकाळी बायको भिंत धरून उठताना दिसली. अर्धी उठली, थांबली, डोळे मिटले, मग पुरी उठली. माझा ताठा तिथं जरासा वाकला. पण बाटली काढून सरळ तिच्या हातात द्यावी, तेही जमेना. मग मी आमची धनगरी रीत धरली. नवं औषध आलं किंवा अनोळखी पाला मिळाला, तर आम्ही तो सगळ्या कळपाला घालत नाही. आधी एका भाकड मेंढीला द्यायचा, तीन दिवस तिच्यावर नजर ठेवायची, ती धड राहिली तर बाकीच्यांना. आमच्या घरात भाकड मेंढी म्हणजे मीच.

चिठ्ठीवर दोन थेंब लिहिलेले. मेंढराला जंताचं औषध आम्ही अंगाच्या वजनावर पाजतो. माझ्या हिशोबानं दोन थेंबांत चिमणीचंही भागणार नव्हतं. तरी पहिल्या सकाळी दोनच घेतले. गवत चावल्यासारखी कडवट चव, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी दहा घेतले. ना हसू आलं, ना डोळे चढले. तिसऱ्या दिवशी परीक्षा पुरी व्हावी म्हणून नळी भरभरून दोनदा तोंडात पिळली, वरून उपाशीपोटी माझी गोळी घेतली आणि मेंढरं घेऊन माळावर गेलो.

नशा नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. डोकं जागेवर होतं. पण तोंड कापसासारखं कोरडं पडलं, पाय जड झाले, आणि दगडावरून उठायला गेलो तर अख्खा माळ एका अंगाला कलला. लिंबाखाली घडीभर टेकावं म्हटलं.

मला उठवलं ते काठीच्या टोकानं. उन्हं कलली होती. समोर बायको उभी, थंडीच्या दिवसांत घामानं निथळलेली. मेंढरं आपली आपण घरी गेली होती. माझ्याविना कळप आलेला पाहून ही त्या गुडघ्यांनी अर्धा कोस चढ चढून आली होती. मी मेलो असं तिला वाटलं होतं, हे तिनं नंतर सांगितलं.

काय खाल्लं म्हणून विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं, भाकड मेंढीसकट. ती एक पाय लांब ठेवून हळूहळू माझ्याशेजारी बसली.

"दुखणं माझं, अन् औषध खाऊन राहिले तुमी. कोणत्या गावची रीत हाय ही?"

"तुला काही होऊ नये म्हून."

मग भावाचं बोललो. त्याला शेवटची कैक वर्षं हिनंच जेवू घातलं होतं, तिला नवं काय सांगणार.

"ते धूर वढायचे दिवसभर. मला एक रात झोप पाहिजे," ती म्हणाली. "गुडघ्याचं मी लेकीला सांगितलं, तुमाला न्हाई. काहून, ते सोताला इचारा." जरा थांबून म्हणाली, "अन् मेंढी म्हणू नका सोताला. मेंढीला अक्कल असती. ती घरी आली."

आम्ही घरी निघालो. तिचा हात माझ्या खांद्यावर आणि तिची काठी माझ्या हातात. घरी पोचेस्तोवर तिचा उजवा गुडघा सुजून टम्म झाला होता.

लेकीला फोन लावला, तिनं वैद्याला जोडून दिलं. तो ओरडला नाही, त्यानं जास्त लाज वाटली. "मामा, मामींच्या गोळ्या मी बघूनच चिठ्ठी लिहिली. तुमच्या कुठं बघितल्या?" या तेलानं झोप येते, रक्तदाब उतरतो, त्यात माझी गोळी, म्हणून माळ कलला. काही गोळ्यांचा जोर यानं वाढतो, रक्त पातळ करणाऱ्यांचा तर खासच, म्हणून घरातली सगळी पाकिटं आधी दाखवायची. हे वजनावर चालत नाही. कुणाला दोन थेंब पुरतात, कुणाला वीसही नाहीत. जेवणानंतर, ठरल्या वेळी, जिभेखाली मिनिटभर धरायचं. बरेच दिवस दोनावरच राहायचं, वाढवायचं ते विचारून. ग्लानी आली, पोट बिघडलं तर कमी करायचं. झिजलेलं हाड यानं भरत नाही. ठणका कमी होईल, झोप लागेल, किंवा नाहीही. महिन्यात फरक दिसला नाही तर बंद करू, असं तो म्हणाला. औषध देणाऱ्या माणसाच्या तोंडून असं वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्या एका वाक्यावर मी त्याला मानलं.

मला पाणी प्यायला लावलं, एकदम उठू नका म्हणाला, आणि पुन्हा चक्कर आली तर दवाखाना गाठायला सांगितलं.

दिवेलागणीला जेवणं झाली. बाटली मीच माळ्यावरून काढली. ती लेकरासारखी जीभ वर करून बसली. एक थेंब, दोन थेंब. मग तोंड मिटून ती माझ्याकडं बघत राहिली. एवढ्या संसारात मला एकट्याला बोलायला मिळालेलं ते पहिलंच मिनिट.

"बाटली लपवायला नको व्हती म्या," मी म्हणालो.

तिनं गिळलं. "लई कडू हाय," म्हणाली, आणि पांघरूण ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी ती झोपलेली. तोंड थोडं उघडं, हात गालाखाली. तेलानं म्हणावं, की चढ चढून दमली म्हणून, मला सांगता येणार नाही. मी मेंढरांच्या वाड्यात गेलो, मेंढ्याच्या गळ्यातली घंटी सोडून खिशात टाकली आणि चहा न पिताच कळप घेऊन निघालो.