सोडून दिलेली ओळ

शेवंताबाई जयसिंग सोनुले. जन्म १९५१, मृत्यू ११ फेब्रुवारी २०२४. राहणार शेंदूरमाळ, तालुका कागल. जमीन बावीस गुंठे, सातबारा स्वतःच्या नावावर. पती निवर्तल्यानंतर तीस वर्षे त्यांनी ती एकटीने कसली. सोयाबीन निघाले की मेथी करत आणि कागलच्या बाजारात स्वतः बसून विकत. त्यांची पेंडी इतकी भरघोस असे की शेजारच्या विक्रेत्या रागावत. शेतकऱ्यांना वर्षातून तीनदा मिळणाऱ्या दोन हजारांच्या शासकीय हप्त्यातून त्या बियाणे घेत.

२०२२ साली या हप्त्याच्या लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत जाहीर वाचावी आणि हरकती पंधरा दिवसांत घ्याव्यात, असे ठरले. निवृत्त मुख्याध्यापक म्हणून वाचन माझ्याकडे आले. आमच्याकडे भरसभेत मयतांची नावे पुकारत नाहीत. घरच्यांना चटका बसतो. म्हणून शेवटच्या रकान्यात 'मयत' असा शेरा दिसला की ती ओळ मी सोडून देत होतो. त्या ओळीतले नाव पाहण्याची तसदी मी घेतली नाही. अशा अकरा ओळी सोडल्या.

वाचन संपताच पुढे बसलेल्या शेवंताबाई उठल्या.

"गुरुजी, माझं नाव वाचलं न्हाईसा की."

"यादीत असते तर वाचले असते, बाई."

"बघा की जरा नीट. का चष्मा घरात इसरून आलाय?"

सभा हसली. मला ते लागले. "छत्तीस वर्षे हजेरी घेतली आहे मी," असे म्हणून मी यादीची घडी घातली. सभा पुन्हा हसली, या वेळी त्यांना. त्या खाली बसल्या.

हप्ता थांबला. चार महिन्यांनी त्यांची सून रूपाली त्याच यादीची प्रत घेऊन माझ्या दारी आली. "आमच्या सासूबाई स्वतः चालत कचेरीत गेल्या, गुरुजी, आणि साहेब म्हणतोय त्या मयत हायत." सत्तेचाळिसावी ओळ, पुढे 'मयत'; मी वाचली ती हीच यादी, हे त्या दोघींना माहीत नव्हते. तो शेरा कोणाच्या हातून पडला, हे मला कधीच समजले नाही. ती ओळ कोणी सोडली, ते तत्क्षणी समजले. हरकतीची मुदत केव्हाच संपली होती.

अर्ज मी लिहिला. हयातीच्या दाखल्यासाठी बाईंबरोबर पाच खेपा घातल्या. एकदा एस.टी.त त्या म्हणाल्या, "तुमच्या कागदातच नव्हतं, तर तुमी तरी काय करणार?" आणि मेथीची पेंडी माझ्या पिशवीत ठेवली. मी त्यांना पुढच्या खेपेची तारीख सांगितली, ओळ सोडल्याचे नाही. पेंडी मात्र घरी नेली.

पुढे नाव पूर्ववत झाले, पण मधले तीन हप्ते बुडाले. निधनानंतर जमा झालेला एक हप्ता रूपालीने अर्ज देऊन परत केला. त्यानंतरच्या ग्रामसभेत यादी पुन्हा माझ्याच हाती आली. त्या वेळी मी प्रत्येक ओळ वाचली. शेवंताबाईंचे नावही, शेऱ्यासह. रूपाली समोर बसली होती.

सभेनंतर मी तिला सहा हजारांचे पाकीट देऊ केले. "कशाचं, गुरुजी?" तिने विचारले. "ठेव," एवढेच मी म्हणालो, आणि तिने पाकीट घेतले नाही. ते अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. आता त्यासोबत हे टिपण तिला देणार आहे. पाकीट घ्यायचे की नाही, ते तिने वाचून ठरवावे.