व्हिएन्नाच्या अर्जावरची सही

माझ्या थोरल्या बहिणीवर अन्याय झाला तो १९३३ साली, होळीच्या आदल्या सोमवारी, सकाळी दहाच्या सुमारास, माढ्यात तिच्या नवऱ्याच्या ओसरीवर. हे आधी लिहून टाकते. तो कुणी केला ते खाली येईलच, आणि त्यात मलाही धरावं लागेल.

अक्का सोलापुरात मुक्या-बहिऱ्या मुलांना शिकवायची. ओठांवरून शब्द ओळखायला शिकवण्याची विद्या सहा महिने व्हिएन्नात राहून शिकून जा, असं तिला तिथल्या एका शाळेचं बोलावणं आलं होतं. त्या दिवसापासून आमच्या दोन खोल्यांत व्हिएन्नाच नांदायला आली. शाळेतल्या एका जुन्या पुस्तकातून त्या शहराचा नकाशा तिनं पातळ कागदावर उतरवून आणला. भाकरी थापता थापता ती मला विचारायची, "राजवाड्याकडून त्या उंच कळसाच्या देवळाकडं कसं जायचं, सांग." मी चुकले की म्हणायची, "गेलीस नदीत!" जाड चादरीचा तिनं कोट शिवला आणि फाल्गुनातल्या उन्हात तो अंगात घालून घरभर फिरली.

"अगं, शिजशील!" आई ओरडली.

"शिजू दे. तेवढीच ऊब साठवून नेते."

पासपोर्टच्या अर्जात एक रकाना होता: विवाहित असल्यास पतीची संमती. कचेरीतल्या कारकुनाला मी सांगितलं, "सात वर्षांपूर्वी टाकलंय त्यानं हिला. दुसरी केलीय."

"टाकलं तरी नवराच की, बाई."

ज्यानं घरातून काढलं, त्यालाच विचारायचं की हिला घराबाहेर जाऊ देऊ का! हे लिहिणाऱ्याला लाज कशी वाटली नाही?

अक्कानं मात्र दाजींना नरमाईचं पत्र लिहिलं. उत्तर आलं: सोमवारी या, सही देतो. मला ते 'देतो'च झोंबलं. तेव्हा मी बायकांच्या हक्कांची हँडबिलं लिहायची आणि भर बाजारात उभी राहून वाटायची. माढ्याच्या गाडीत अक्का म्हणाली, "सोबत आलीस ते बरं झालं. पण तिथं तोंड उघडू नकोस. तेवढं माझ्यासाठी कर." मी मान डोलावली.

दाजींनी चहा दिला, दौत-टाक मागवला. अर्ज हातात घेऊन म्हणाले, "लई लांब चाललीस की."

"सहा महिन्यांत परत येते."

त्यांनी टाक बुडवला. मग रकान्यावर बोट ठेवून हसले. "पती म्हणून सही. म्हंजे अजून माझीच हाय म्हणायची तू. सरकार बी तेच म्हणतंय."

अक्काही हसली. तिला सही हवी होती. ती कशालाही हसली असती. मला तिचं ते हसू बघवलं नाही. मी उभी राहिले आणि हँडबिलातलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. त्यांना दगाबाज म्हटलं. बाई म्हणजे दावणीची गाय नव्हे, म्हटलं. शेजारपाजारचे कुंपणाशी जमले, तसा माझा आवाज आणखी चढला.

दाजींनी टाक खाली ठेवला. "तुझ्या या बहिणीला माझी माफी मागू दे. मग सही."

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. माग, असं ती म्हणाली नाही. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "खऱ्या बोलण्याची माफी मी मागत नसते."

तिनं अर्जाची घडी घातली, दाजींना नमस्कार केला आणि स्टेशनाकडं चालू लागली.

नंतर तिनं आणखी दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. तिची जागा दुसऱ्या गावच्या शिक्षिकेला मिळाली. अक्का मला कधी टाकून बोलली नाही. एकदाच तिनं विचारलं, "त्या दिवशी तुला काय मिळालं गं?" रागानं नव्हे, खरंच ठाऊक नसल्यासारखं.

सही अडवली दाजींनी, अडवू दिली त्या रकान्यानं. तो रकाना अर्जात अजून तसाच आहे, आणि तो अन्यायाचा आहे, हे मी आजही ओरडून सांगेन. पण त्या ओसरीवर तिच्या हाताशी आलेलं शहर मी माझ्या तोंडाच्या सुखापायी घालवलं.

वाचणाऱ्यांनो, नुसतं हळहळू नका. आजच सरकारला पत्र लिहा: बाईच्या पासपोर्टला बाईची सही पुरे. आणि जिच्यासाठी लिहाल, तिला आधी विचारा.