परक्याच्या नावची मूठ

जो देव तुम्ही मानत नाही, त्याच्या नैवेद्याचा घास नेमका तुमच्या भुकेच्या वेळी पुढे आला, तर तुम्ही तत्त्व राखाल की घास घ्याल? हा प्रश्न मला कुणी सभेत विचारला असता तर उत्तर जिभेवर होतं. मी पत्रकं वाचूनच लिहिता झालो. त्या वर्षी लढाई जोरात होती, आणि माझ्या पिशवीत माझ्याच हातची पत्रकं होती. पोटासाठी इंग्रज सरकारच्या पलटणीत भरती होणाऱ्यांना मी त्यात विकले गेलेले बैल म्हटलं होतं. प्रकाशे गावापासून एदलाबादपर्यंत तापीच्या काठाने सायकलवर जायचं आणि गावोगावी ती वाचून दाखवायची, असा बेत होता.

बेत श्रावणातच आखला, त्यात माझा हट्ट होता. आमच्या खानदेशात श्रावणातल्या रविवारी कानबाई ही देवी घरोघरी बसते. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मापतात, त्याचे रोट करतात, आणि ते रोट भाऊबंदांबाहेर कुणाला देत नाहीत. निघताना मी आईला सांगितलं, "माझ्या नावची मूठ धरू नको. मी यातला नाही." ती चुलीपुढे बसून लाकूड सारत राहिली. तिचं ते न बोलणं चार दिवस माझ्या सायकलच्या मागे बसून आलं.

मोठ्या सडकेवर मावश्या-आत्यांची गावं होती. त्यांनी कानबाईसाठी थांबवलंच असतं, म्हणून मी काठाची वाट धरली. तापीचा काठ सरळ नाही. नदीने माती कापून घरंच्या घरं मावतील अशा घळी पाडल्या आहेत. एकीत उतरायचं, सायकल खांद्यावर घेऊन चढायचं, तोवर दुसरी पुढे. चोपड्याच्या अलीकडे, नेमक्या त्या रविवारी दुपारी, एका घळीत काळी माती मडगार्डात अशी बसली की चाक फिरेना. मी काडीने ती उकरत बसलो, आणि नदीचं पाणी मागून घळीत शिरतंय हे पाहिलंच नाही. वर कुठे तरी मोठा पाऊस झाला असावा. पाहिलं तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं होतं, आणि मला पोहता येत नव्हतं. सायकल चढेना. कडेला हात घातला की ओली माती हातात यायची. तेव्हा मी आईला हाक मारली. कोणत्या आईला, ते आजही मला नक्की सांगता येत नाही.

वरून एक सोडलेलं पागोटं खाली आलं.

"सायकल सोड, भाऊ. ती काय तुनी माय शे का?"

वर एक म्हातारे शेतकरी उभे होते. दुसऱ्या दिवशी कानबाई नदीत बोळवायला घाट मोकळा राहील का, ते पाहायला आले होते. गाव त्यांना नाना म्हणे. त्यांनी मला ओढून काढलं, गळ्यातल्या पिशवीतून निथळणारी पत्रकं पाहिली आणि म्हणाले, "इतलं बठ्ठं लिखेल शे, अन् पोहानं कसं ते नई लिखेल?"

घरी त्यांच्या बायकोने, अक्काने, माझ्यापुढे ताट ठेवलं. ताटात रोट होता. ओट्यावरून नानांचे भाऊ म्हणाले, "परका मानूस शे. त्याले रोट चालाव नई." मीही म्हणालो, "मी देवाच्या नावाचं खात नाही." अक्काने आम्हा दोघांनाही एकच उत्तर दिलं.

"दोन साल व्हयनात, पोऱ्या पलटनमा शे. चिठ्ठी नई. त्यानी मूठ मी दरसाल मापस. तो नई ऊना, कानबाई मायनी याले धाडं. खा, भाऊ."

मी चुलीकडे पाहिलं. अक्काला अक्षर येत नव्हतं. माझी पत्रकं तिने एकेक सोडवून, न फाटू देता, चुलीभोवती वाळत घातली होती. त्यात तिच्या मुलाला मी काय म्हटलंय, ते वरच्याच ओळीत होतं. मी त्या मुलाच्या नावचा रोट खाल्ला. गोड होता.

सकाळी पाणी ओसरलं. नानांच्या बैलांनी सायकल बाहेर काढली. पत्रकं मी माझ्या हातांनी चुलीत घातली. पलटणीविरुद्ध मी आजही लिहितो, पण ज्याचा घास खाल्ला त्याला बैल म्हणणं मला जमत नाही. एदलाबादला न जाता मी जळगावला घरी वळलो. आईने फडक्यात बांधलेला रोट काढून पुढे ठेवला.

"मी नको म्हटलं होतं ना?"

"तू नको म्हनं म्हनीसन मूठ कमी व्हस का?"

मी वादात हरलो असं नाही. माझ्याशी कुणी वाद घातलाच नाही. त्या दुपारी मी हातातलं सगळं सोडलं तेव्हाच ते पागोटं मला धरता आलं. कृपा म्हणून मला एवढंच कळलं आहे, आणि तेवढ्याबद्दल मी रोज हात जोडतो. दर श्रावणात मी त्या घरी जातो. मुलाची चिठ्ठी अजून आलेली नाही. मूठ मात्र मापलेली असते.

वाचकहो, तुमच्याही घरातलं कुणी दूर असेल. या श्रावणात त्याची मूठ मापा, आणि दारात जो उभा असेल त्याला, तो कोण हे न विचारता, ते ताट द्या. आणि रागावून निघालेले तुम्हीच असाल, तर आज मागे फिरा. तुमची मूठ मापून ठेवलेली आहे.