खुर्चीची साक्ष

"करकर म्हणजे काय दुकानात मिळते का, परत आणून द्यायला?" सून म्हणाली. "वाढदिवसाला म्हणून तुमची खुर्ची सुताराकडून घट्ट करून आणली, तर चार दिवस खोलीत तोंड फुगवून बसलात."

"सुताराला बोलाव," सासरे बंद दाराआडून म्हणाले. "होती तशी करून दे म्हणावं."

"तो हसेल, बाबा."

"हसेना का."

"अहो बाबा, लोक मोडकी खुर्ची नीट करायला देतात," मुलगा वर्तमानपत्रातून म्हणाला. "नीट झालेली मोडायला कोणी देत नाही."

"तू वाच. तुला कोणी विचारलं नाही. आणि उद्या रविवार आहे, पत्त्यांना कंपनीतले माझे तिघे जुने मित्र येतील. त्यांना सांगा, मला सर्दी झालीय."

हे ऐकून सून चरकली. रविवारचे पत्ते सासऱ्यांनी तापातही चुकवले नव्हते. डाव चौघांचा. एक उठला की बाकीचे तिघे घरी बसणार.

सासरे गॅस कंपनीच्या तक्रार विभागात छत्तीस वर्षं होते. खांद्याला पिशवी, पिशवीत साबणाच्या पाण्याची बाटली आणि ब्रश. पण बाटली नंतर निघायची, आधी नाक. उंबऱ्यावर उभं राहून एकदा श्वास घ्यायचा आणि कोणाच्याही तोंडाकडे न बघता सांगायचं, "वास आहे. खिडकी उघडा." ऑफिसात त्यांना सगळे नाकवाले म्हणत. स्वयंपाकघर लख्ख ठेवणाऱ्या बायकांना राग यायचा. "आमच्याकडचा नाही हो, शेजारचा असेल." त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं, "बाई, वासाला लाज नसते. लपवणारं घर आधी पेटतं."

हाच माणूस स्वतःच्या घरात मात्र नाकाने कांदे सोलायचा. पोटातून सुटणाऱ्या वाऱ्याचा तो शब्दसुद्धा त्यांनी घरात कोणाला उच्चारू दिला नव्हता. मग साठीला कवळी आली. कवळीने जेवताना घासाबरोबर हवाही पोटात जाते, आणि गेलेली हवा वरून किंवा खालून बाहेर पडतेच. त्यांची बहुतेक खालून पडायची. तेव्हा धावून आली ती ही खुर्ची. जुनी, लाकडी, डावा हात खिळखिळा. सासऱ्यांनी तिच्यावर मेहनत घेतली होती. आधी डावीकडे कलून एक करकर, त्या करकरीच्या पोटात आपलं काम, आणि शेवटी पुराव्यादाखल पुन्हा एक छोटी करकर. वर कपाळाला आठी घालून म्हणायचं, "ही खुर्ची एकदा दाखवायला हवी."

अकरा वर्षं ते हे म्हणत होते. बिचाऱ्या सुनेने शेवटी दाखवली.

ती स्वयंपाकघरात गेली. सासूबाई वाटाणे सोलत होत्या.

"आई, असं काय आहे हो त्या खुर्चीत?"

"खुर्चीत काही नाही. बसणाऱ्यात आहे," सासूबाई म्हणाल्या आणि वाटाण्यावरची नजर न काढता सगळं सांगितलं.

सून पदर तोंडात कोंबून ओट्याला टेकली. "मग तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"मी कशाला? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे त्यांचं त्यांना कळू दे. हसून झालं असेल तर सालं उचल."

नात दाराशीच होती. दहा वर्षांची, आणि वाचनालयातून शरीराचं पुस्तक आणलेली. ती पुस्तक घेऊन आजोबांच्या दाराशी जाऊन बसली.

"आजोबा, माणूस दिवसातून दहा-पंधरा वेळा सोडतो. राजा असला तरी."

तिने पान उलटलं.

"त्यातल्या बहुतेक वायूंना वासच नसतो. थोडी आपण गिळलेली हवा असते, थोडं आतड्यातले जंतू करतात. वास येतो तो अगदी चिमूटभर भागाचा."

"गंधकाचा असणार," दाराआडून आवाज आला. राहवलं नव्हतं. "आमच्या गॅसलाही वास नसतो. त्यातही गंधकाचंच काहीतरी घालतात. मुद्दाम."

"का?"

"लोकांना कळावं म्हणून."

"मग आपल्यात पण म्हणूनच घातलं असेल."

दार लगेच उघडलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिघे मित्र आले तेव्हा सासरे इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि खुर्चीच्या कडेवर, परीक्षेला बसल्यासारखे बसले.

दोन डाव सुरळीत गेले. तिसऱ्या डावात ते सवयीने डावीकडे कलले. खुर्ची गप्प राहिली. बाकीचं मात्र आलं, चांगलं लांबलचक, आणि शेवटी काहीतरी विचारल्यासारखं वर चढून थांबलं.

तिघे मित्र हातातल्या पानांत डोकं खुपसून बसले. मुलाचं वर्तमानपत्र डोळ्यांपर्यंत वर गेलं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सून घाईने म्हणाली, "मी उद्याच त्या सुताराला..."

सासऱ्यांनी पानं पालथी ठेवली. मान ताठ केली, आणि कोणाच्याही तोंडाकडे न बघता, छत्तीस वर्षांच्या आवाजात म्हणाले, "माझा आहे. खिडकी उघडा."

नातीने उघडली.

"अरे नाकवाल्या," पूर्वी कंपनीत मीटर वाचणारा मित्र म्हणाला, "खुर्ची गप्प केली म्हणून आम्ही तर मघापासून मनात त्या सुताराला शिव्या देत होतो. दर रविवारी नवा सूर लावणारी खुर्ची, कुठे मिळते सांग."

"आणि शेवटची ती छोटी करकर," दुसरा म्हणाला. "ती मी घरी करून पाहिली. जमत नाही."

सासऱ्यांचे कान लाल झाले. ते खुर्चीत मागे सरले, पहिल्यांदाच पूर्ण टेकून बसले आणि पानं उचलली.

"सुताराला बोलवायचं नाही," ते म्हणाले. "खुर्ची अशीच राहील. आणि आजपासून या घरात ज्याचा असेल त्याने सांगायचं, जवळ असेल त्याने खिडकी उघडायची."