चिखलदऱ्याचा दाणा

आमच्या उंद्रीत त्या काळी कॉफीला औषध समजत. कुणाच्या अंगात कसर आली, बाळंतिणीला हुडहुडी भरली, की आमच्या दारात वाटी येई, ‘पाटलीणबाई, चिमूटभर काफी द्या.’ एरवी गावाला ताक पुरत होतं, आणि नवा नवा चहाही शिरला होता. रोज सकाळी हौसेनं कॉफी पिणारं घर एकटं आमचं, त्यामुळे लोक आम्हाला चिडवत आणि आम्ही ते कौतुक समजत असू.

बाबांना ही सवय तरुणपणी लागली. अमरावतीला शिकायला असताना ते कुणाच्या तरी सोबतीनं चिखलदऱ्याला गेले. तिथं बंगल्यांच्या मागच्या उतारावर कॉफीची झाडं पाहिली, लाल फळं तोडून खाल्ली, आणि शिक्षण अर्धवट टाकून कॉफी तेवढी पदरात पाडून परत आले, असं आई म्हणायची. बाबा त्यावर हसत, पण खोडून काढत नसत.

कॉफीचा दाणा आम्ही चिखलीहून आणायचो. तिथं एका मुसलमान व्यापाऱ्याचं सुपारीचं आणि मसाल्याचं दुकान होतं. मी त्यांना चाचा म्हणे, बाबा सेठ म्हणत. त्यांचा माल मंगळूर-मलबाराकडून मुंबईला, तिथून रेल्वेनं मलकापूरला आणि मग बैलगाड्यांतून घाट चढून येई. मिरे आणि वेलचीच्या गोण्यांबरोबर दोन-चार पोती कॉफीही असे. बुलढाण्याचे साहेबलोक, मिशनचा पाद्री, एखाद-दुसरा वकील, एवढेच तिचे गिऱ्हाईक. पण चाचांचा जीव सुपारीपेक्षा त्या पोत्यांतच जास्त होता, आणि बाजारच्या दिवशी बाबा दमणी जुंपून चिखलीला निघाले की त्यांचाही.

मी लहानपणापासून सोबत जायची. दुकानाच्या मागच्या पडवीत शेगडी पेटलेली असे. चाचा लोखंडी कढईत मूठभर दाणे टाकून हलवत बसत. दाणे तडतडले की सुपात ओतून वारा घालत, आणि निवले की आमच्यापुढे करत. कुठला दाणा ते सांगायचं नाही, चावून ओळखायचं. निलगिरीचा दाणा आंबूस, कवठाच्या अंगानं जाणारा. म्हैसूरकडचा भरीव, आधी चांगला कडू लागतो आणि गिळल्यावर मागून गुळाची चव येते. मलबारचा फुगीर आणि पिवळट, कारण तो पावसाळाभर समुद्राच्या दमट वाऱ्यात ठेवतात. त्यातला आंबटपणा निघून जातो आणि ओल्या गोणपाटासारखा वास उरतो. चाचांना तो वास आवडे, बाबांना मुळीच नाही. आणि चिखलदऱ्याचा दाणा, जो चाचा अमरावतीकडून वेगळा मागवत, लहान, वेडावाकडा, एकासारखा एक नसलेला. चावला की प्रथम तुरट लागे आणि मग वाळल्या मोहाची गोडी जिभेवर येई. हे सगळं मला दहा-बारा वर्षांची असतानाच कळत होतं. पुढे मेहकरला सासरी या विद्येचा उपयोग शून्य झाला, ते सोडा.

त्या दोघांचं भांडण चिखलदऱ्यावरून चाले. बाबांच्या मते तोच दाणा सगळ्यांत चांगला. चाचा म्हणत, “पाटील, तो दाणा नाई, वऱ्हाडाचं कौतुक आहे नुसतं. म्हैसूरच्या समोर कसा टिकंन?”

“नागपूरवाल्यायनं वऱ्हाडाले मध्यप्रांताच्या शेपटाले बांधलं,” बाबा म्हणत, “आता तुमी म्हैसूरच्या शेपटाले बांधता काय?”

“दाणा चावून अर्धंच समजते. पाणी लागल्याबिगर कॉफी बोलत नाई. माह्या घरच्या पाण्यातली एक डाव पिऊन पाहा, आन् मंग सांगा. तवा मी पण माह्यं खरं मत सांगीन.”

इथं वाद थांबे. कारण तेच एक बाबांना करता येत नव्हतं.

तेव्हाचा रिवाज सगळ्यांना ठाऊक होता. मुसलमानाच्या घरचं कोरडं चाले, ओलं चालत नसे. भाजलेला दाणा चाले, सुपारी चाले, पण ज्याला पाणी लागलं ते तोंडात घालायचं नाही. ईदेला चाचांच्या घरून आमच्याकडे शेवया येत त्या कोरड्या; खारीक, चारोळी, खोबरं वेगवेगळ्या पुडीत. आई त्यांचा खुर्मा आमच्या चुलीवर करी, आणि फार छान करी. संक्रांतीला आमचा तिळगूळ आणि हंगामात हुरडा त्यांच्याकडे जाई. दुकानात हिंदू गिऱ्हाइकांसाठी एक वेगळा माठ होता. समोरच्या मारवाड्याचा गडी तो भरून ठेवी. तिथलं पाणी आम्ही प्यायचो, तेसुद्धा भांडं उंच धरून वरून. चाचा आपल्या घरात काळी कॉफी पीत, पाण्यात उकळलेली, गुळाचा खडा घातलेली. बाबा आमच्या घरात दुधातली पीत, वर आईनं किसलेलं जायफळ. जायफळ पडल्यावर म्हैसूर काय नि चिखलदरा काय! दोघांनी आयुष्यभर एकाच दाण्यावर वाद घातला आणि एकच पेला कधी प्यायला नाही. मला हे लहानपणी साधं वाटे. मोठी झाल्यावर त्याचा राग येऊ लागला, आणि तो अजून गेलेला नाही.

बाबांच्या मनातून ती कॉफी प्यायची होती. त्यांनी एकदा आईजवळ विषय काढला तेव्हा मी माहेरीच होते. आई ज्वारी निवडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “मी हाव तोवर नका पिऊ. माह्या मांगं काय करायचं ते करा.” ती चिडून बोलली नाही. तिला चाचांबद्दल आकस नव्हता; त्यांच्या मुलीच्या लग्नात तिनं स्वतः निवडून लुगडं पाठवलं होतं. पण तिच्या आईनं तिला जे शिकवलं ते तिनं धरून ठेवलं होतं. बाबांनी ही गोष्ट हसत हसत चाचांना सांगितली. चाचा हसले नाहीत. “पाटलीणबाईले अल्ला लंबी उमर देवो,” एवढंच म्हणाले आणि शेगडीतले कोळसे सारखे करू लागले.

आई फार दिवस जगली नाही. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि त्या दुसऱ्या खेपेत ती गेली. चाचा त्याच दिवशी चिखलीहून आले आणि अंगणात निंबाखाली उभे राहिले. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा इतका वेळ कोरडे असलेले बाबांचे डोळे भरून आले. चाचांनी नजर खाली वळवली. मला नंतर जाणवलं की त्यांना लाज वाटत असावी. ज्या दिवसापर्यंत थांबायला सांगितलं होतं तो दिवस हा होता, आणि तो असा यावा असं त्यांनी कधी मागितलं नव्हतं.

बाबा अस्थी घेऊन काशीला गेले. काशीला गेलं की आवडीची एखादी वस्तू कायमची सोडून यायची, ही आपल्याकडची रीत. आमच्या गावचे लोक या बाबतीत पोचलेले होते. कुणी कारलं सोडून येई, कुणी दोडकं. एकानं तर फणस सोडला होता, जो उंद्रीत जन्मात कुणी पाहिला नव्हता. बाबा परत आले तेव्हा मी कॉफी करून पुढे ठेवली. त्यांनी पेला हळूच बाजूला सारला.

“सोडली,” म्हणाले.

मी संतापले. दुसरं काही सुचलं नाही का, असं तोंडावर विचारलं.  बाबा खाली पाहत म्हणाले, “भटजीनं इचारलं, काय सोडता? सकायी सकायी तुही माय आन् मी सोबत पेत होतो, तेच डोयासमोर आलं. तिले द्याले माह्याजवळ दुसरं होतं काय?”

 पण त्याच क्षणी मला चाचा आठवले. आता घरात अडवणारं कुणी नाही असं वाटून तो माणूस तिकडे वाट पाहत असेल, आणि बाबांनी तर प्यायची वस्तूच सोडून दिली. बाबांच्याही ते ध्यानात आलं होतं, कारण त्या वर्षात ते एकदाही चिखलीला गेले नाहीत. बाजार गडी करून आणी. चाचांचा निरोप आला की ‘बरं नाही’ म्हणून सांगत. नातेवाईक त्यांना समजावत, एखाद वेळी घेतली तर काशी काय चिखलीत पाहायला येते? बाबा ऐकत नसत. शब्द दिला तो आईला दिला, असंच ते धरून बसले होते.

वर्षश्राद्धाला मी मेहकरहून आले होते. ते पार पडलं आणि चाचांचा पुन्हा निरोप आला: आता पाटलांनी यावं, लेकीलाही आणावं. बाबा निघाले.  चिखलीची झाडं दिसू लागली तेव्हा म्हणाले, “सेठले कसं सांगू बाई मी?”

मागची पडवी झाडून सारवून ठेवली होती. चाचा वर्षात खूप थकले होते. शेगडीजवळ तीन किटल्या झाकून ठेवलेल्या, आणि पुढे ताटात पांढरे चिनी मातीचे पेले. आम्ही टेकलो तसे ते घाईघाईनं बोलू लागले. तयार केलेलं बोलणं असावं, पण ते त्यांना नीट जमेना.

“पाटील, तीन जागचा दाणा आहे. म्हैसूर, मलबार आन् तुमचा चिखलदरा. पाणी मी सोता काढलं. पेले बी कोरेच आहेत, मुंबईवरून मांगवले. कोणंच तोंड नाई लावलं त्याले.”

हे ऐकलं आणि मला तिथं बसवेना. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मित्रासाठी, या माणसाला आपल्या घरच्या कुणाचं तोंड न लागलेले पेले आणावे लागले होते आणि वर ते सांगावंही लागत होतं. लाज आम्हाला वाटायला हवी होती, आणि मला ती वाटली.

बाबांनी हात जोडले. “सेठ, काशीत मी कॉफी सोडून आलो.”

चाचांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली.  चाचांनी विचारलं, “पाटलीणबाईसाठी?”

“हाव.”

“बरं केलं,” चाचा म्हणाले. “आपल्या मानसासाठी सोडाव तं अशीच चीज सोडाव.” मग ते किटल्या उचलायला वाकले. एकेक करून त्यांनी त्या आतल्या उंबऱ्यापाशी नेऊन ठेवल्या. पेल्यांवर फडकं टाकलं. मग सवयीनं सुपारीचं ताट आमच्यापुढे सरकवलं. पुन्हा कोरडंच. बाबा त्या ताटाकडे पाहत राहिले. त्यांनी सुपारी उचलली नाही.

“सेठ, मले तहान लागली,” ते म्हणाले.

चाचा उठले आणि दुकानाकडे तोंड करून मारवाड्याच्या गड्याला हाक मारू लागले, पाटलांसाठी माठातलं पाणी आण म्हणून.

“त्या माठातलं नोको,” बाबा म्हणाले. “तुमच्या घरातलं द्या. तुमी ज्याच्यात पेता त्याच्यात.”

चाचा होते तिथंच उभे राहिले.  मग चाचा आत गेले. आत त्यांच्या बायकोचा दबलेला आवाज ऐकू आला, भांडं खळबळल्याचा आवाज आला. ते बाहेर आले तेव्हा हातात एक जुना तांब्याचा कटोरा होता, काठाला पोचा आलेला, आतली कल्हई विटलेली. बाबांनी तो दोन्ही हातांत घेतला. वरून पाणी ओतून नाही, तर काठाला ओठ लावून, सावकाश, सगळं पाणी प्यायले. वर्षभर माहेरी येई तेव्हा ज्या माणसाला मी धड जेवताना पाहिलं नव्हतं तो माणूस पाणी पिताना पाहून मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

चाचा समोर मटकन बसले. उपरण्यानं डोळे पुसले. मग म्हणाले, “चिखलदऱ्याचाच दाणा चांगला आहे, पाटील. तुमचंच खरं.”

“आता माह्यं मन राखता काय?”

“नाई. माह्या घरी रोज तोच उकळते. इतके वर्सं झाले.”

“मंग भांडत काऊन होते?”

“तुमी पेले असते तं कबूल केलं असतं,” चाचा म्हणाले. “त्याच्या आंधी कबूल केलं असतं तं तुमाले प्याले कोन्या बहान्यानं बोलावलं असतं?”

 बाबांनी रिकामा कटोरा चाचांपुढे धरला आणि आणखी पाणी मागितलं.