श्रावणातला बुडबुडा

पोटोमीटर म्हणजे काचेची एक आडवी नळी. तिच्या एका टोकाला पानांची फांदी खोचायची, नळीत पाणी भरायचं आणि त्या पाण्यात हवेचा एक बुडबुडा सोडायचा. पानं हवेत पाणी सोडतात, तेवढं पाणी फांदी नळीतून ओढून घेते आणि बुडबुडा पट्टीवर सरकतो. दर पाच मिनिटांनी त्याची जागा टिपायची, झाला प्रयोग. अकरावीच्या पोरांना मी हा रत्नागिरीत कितीतरी वर्षं शिकवते आहे, आणि तोही नेमका श्रावणात.

श्रावणात आमच्याकडे पापड तोंडात घालेपर्यंत मऊ पडतो आणि मोजे चौथ्या दिवशीही ओलेच असतात. अशा हवेत जास्वंदीच्या पानाने पाणी सोडावं तरी कुठे? पण पुस्तक लिहिणारे गृहस्थ बहुधा घाटावरचे असावेत. बुडबुडा पाच मिनिटांत बारा मिलिमीटर सरकतो, असं त्यांचं म्हणणं. आमची पोरंही गुणी, मोठ्यांचा शब्द खाली पडू देत नाहीत. आदल्या वर्षीच्या मुलांची जर्नलं मागून आणतात आणि उतरवतात. ही गोष्ट ज्या वर्षीची, त्या वर्षीही सगळ्यांचा बुडबुडा बारा, चोवीस, छत्तीस असा चालला होता. शिमग्यातली पालखीसुद्धा इतकी सरळ चालत नाही. मी आपली सह्या ठोकत गेले.

एकच जर्नल वेगळं निघालं. देवरूखकडच्या एका खेड्यातली मुलगी, इथे मावशीकडे राहून शिकणारी. तिच्या तक्त्यात शून्य, शून्य, एक, एक. खाली निष्कर्ष म्हणून तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की आज हवेत ओल फार आहे, माझा युनिफॉर्मही वाळलेला नाही. मी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. पोरं हसली, मीही हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. तेव्हा मात्र मी लाल पेनाने ‘पुन्हा करा’ असा शेरा मारून मोकळी झाले.

तिने पुन्हा केला. पुन्हा तेच. मी पुन्हा सही नाकारली. जर्नलवर सगळ्या सह्या नसतील तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि जर्नल जमा करायचा शेवटचा दिवस होता शुक्रवार. गुरुवारी ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, सगळी सांगतायत, आमचेच आकडे उतरव. पन माझा हलतच नाय, तर हलला असं कसं लिहू?"

मला रागच आला. हिची चूक हिला एकदाची दाखवून द्यावी, म्हणून मी तरातरा प्रयोगशाळेत गेले. देठात हवा शिरू नये म्हणून फांदी पाण्याखालीच कापलेली होती. बुचाभोवती ग्रीस नीट लावलेलं होतं. नळी कुठे गळत नव्हती. बोट ठेवायला जागा मिळेना. मग आम्ही दोघी वीस मिनिटं बुडबुड्याकडे बघत बसलो. तो ढिम्म. इतक्या वर्षांत मी त्याच्याकडे सलग इतका वेळ कधी बघितलंच नव्हतं.

"मॅडम, पंखा लावून बघू?" ती म्हणाली. "मावशी कपडे पंख्याखालीच सुकवते."

टेबलफॅन फांदीकडे वळवला. दहा मिनिटांत बुडबुडा तीन मिलिमीटर सरकला, पुढच्या दहा मिनिटांत आणखी चार. ती नाचली वगैरे नाही. वहीत रेघ मारून तिने दोन रकाने केले, पंखा बंद आणि पंखा चालू. पानाजवळची ओली हवा हटली की पान पाणी सोडतं, हे तिने मला समजावून सांगितलं आणि मी शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान डोलावली.

मग पट्टीवरची नजर न काढता तिने विचारलं, "पन मॅडम, बाकीच्यांचा पंख्याशिवाय कसा चालला?"

थाप मारता आली असती. पण समोर तिची ती शून्यं होती.

"ते आकडे माझे आहेत," मी म्हणाले. "नोकरीच्या पहिल्या वर्षी मी पुस्तकातून फळ्यावर लिहून दिले होते. पोरं अजून तेच उतरवतायत."

तिने जर्नल तेवढं माझ्यापुढे सरकवलं. मी माझे लाल शेरे खोडले आणि खाली सही केली. त्या वर्षी डोळ्यांनी बघून केलेली ती माझी पहिली सही.