रिकाम्या टोल्याची दवंडी

“थांबा साहेब, येऊन राहिले.”

ग्रामसभा सुरू करायला मी उठलो की आमच्या ग्रामपंचायतीचे म्हातारे शिपाईबाबा मागची सतरंजी हाताने सारखी करत हेच म्हणायचे. त्या सतरंजीवर ते कुणाला बसू देत नसत.

चिचगडकडच्या त्या गावात मी नवा ग्रामसेवक. सभेला माणसं जमवताना नाकी नऊ यायचे, त्यात बाबांचं हे खूळ. एकदा चिडून विचारलं, कोण यायचं राहिलंय? ते म्हणाले, टोल्याचे.

टोला म्हणजे गावाचाच तुकडा, नाल्यापलीकडे जंगलात. असे टोले तुम्हीही पाहिले असतील. माणसं कामाच्या मागे तिरोड्याला, गोंदियाला गेली, म्हातारे वारले आणि तिथे एकटे बाबा उरले. तरी जुन्या रचनेप्रमाणे टोल्याचा प्रभाग अजून वेगळा होता, ग्रामपंचायतीत त्याचा सदस्य वेगळा होता.

एकदा संध्याकाळी त्यांच्यासोबत दवंडीला गेलो. प्रत्येक बंद दारापुढे बाबा डफडं वाजवायचे, सभा सांगायचे आणि थांबायचे. मग ऐकल्यासारखी मान हलवायचे. एका पडक्या घरापुढे म्हणाले, “बुढीचे गुडघे दुखून राहिले. पण येईन म्हंते.” मला हसू आलं. तेवढ्यात दिसलं, त्या घराचं अंगण नुकतंच सारवलेलं होतं. कोणी सारवलं, हे मी विचारलं नाही.

परतताना एवढंच विचारलं, कशासाठी करता हे?

“हाक देल्याबिगर सभा घेतली तं ते रुसतेत. अन् सदस्य गेला का टोला गेला, साहेब.”

पुढे नवी प्रभागरचना आली. टोल्यात बाबा सोडून मतदारच नाहीत, म्हणून तो गावाच्या प्रभागात मिसळायचा होता. तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी सभेत विचारलं, कुणाची हरकत? बाबा उठले. थांबा, येऊन राहिले, म्हणाले. अधिकारी हसले, आम्हीही हसलो. सभा संपली तरी बाबा दाराकडे बघत उभेच होते.

धानाची कापणी चालू असताना बाबा गेले. टोल्यातल्या घरात, एकटेच.

नव्या रचनेप्रमाणे निवडणूक झाली, नवे सदस्य आले; त्यात टोल्याचा वेगळा सदस्य नव्हता. पहिल्या ग्रामसभेची दवंडी भोंग्यावरून गावात फिरली, नाल्यापलीकडे कोणी गेलं नाही. माणसं येऊन बसली. मागची सतरंजी मात्र कोणी न सांगताच रिकामी राहिली. सरपंचबाई म्हणाल्या, करा सुरू.

मी उठलो. बाबांची फार आठवण आली, आणि खरं सांगतो, भीतीही वाटली.

“थोडं थांबा,” मी म्हणालो. “येऊन राहिले.”

कोणी हसलं नाही. दाराजवळ बसलेल्या बायांनी पाय आवरून घेतले आणि वाट करून दिली.